जावयाचा जिताडा : पेण-रोह्याचे दोन दिवस

"दादा, शनिवार-रविवार पेण-रोहा करायचंय. काय बघू, काय खाऊ?" हा प्रश्न या ब्लॉगवर मला कितीदा आलाय, विचारू नका. दरवेळी मी "लिहितो लवकरच" म्हणून वेळ मारून नेली. मिसळ, मांडे, आंबोळ्या, जगातल्या सगळ्या खाण्यावर पानंच्या पानं खरडणारा माणूस पुण्यापासून तीन तासांवरच्या गावाबद्दल गप्प का, असं एकीने खोचकपणे विचारलंही होतं. बाई, बरोबर ओळखलंत.

पेणच्या पुढे माझी सासुरवाडी आहे. आणि जिच्यामुळे ती सासुरवाडी झाली, ती दर्शना आता नाही. तीन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता तिला डेंग्यू झाला आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. वर्षश्राद्धाला मी तिच्या गावी जाऊन आलो. त्यानंतर फक्त फोन, दर रविवारी संध्याकाळी. फोन कायम सासूबाईच उचलायच्या. "बाबा कुठायत?" असं सासऱ्यांबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: "तलावावर. मूठ घेऊन गेलेत." त्या मुठीचं पुढे सांगतो.

आता जाणं भाग होतं. येत्या उन्हाळ्यात मी पुन्हा लग्न करतोय. मीनल माझ्याच ऑफिसात आहे, सरळ बोलणारी बाई. तिने एकच अट घातली, "त्यांना फोनवर सांगायचं नाही. जायचं, समोर बसायचं आणि सांगायचं." मला भीती वाटत होती. ते रागावतील याची नव्हे, रागावणारी माणसंच नाहीत ती. भीती ही, की सांगून झाल्यावर त्या घराचा मी कोण उरणार? दर्शनाचा नवरा म्हणून तिथे माझा पाट मांडला जायचा. दुसरीचा नवरा झालो की त्या ओट्यावर कुठल्या तोंडाने बसायचं?

तर अशा मनाने निघालो. सहल म्हणून वाचणाऱ्यांनी वाचावं, माहिती सगळी खरी आहे.

शनिवारी उजाडता उजाडता पुणं सोडलं. द्रुतगती मार्गाने खोपोलीपर्यंत यायचं आणि तिथून पेणचा रस्ता धरायचा. रस्ता आता बरा झालाय, फक्त ट्रक फार. जानेवारीत दोन्ही अंगांना भात कापून मोकळी झालेली शेतं आणि त्यात वालाची हिरवळ. गाडीच्या काचा खाली करा, एसी कसला लावताय!

पेणला पहिलं काम पापडांचं. बाजारात शिरलात की पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुरडया यांची दुकानंच दुकानं. एका दुकानातल्या काकूंनी माझ्या हातावर कच्च्या पापडाची लाटी ठेवली, तेलात बुडवून. ही लाटी चुकवू नका, तळलेल्या पापडापेक्षा दहापट गोड लागते.

"किती देऊ?" काकूंनी विचारलं.

"एक पाकीट."

"एकात काय होतंय? मिरगुंडं पन न्या. बायको खूश होईल."

मी दोन पाकिटं घेतली. कुठल्या बायकोचा विचार करून घेतली, ते मलाच कळेना.

तिथून गणपतीच्या कारखान्यांची गल्ली. मूर्ती बघायला पैसे पडत नाहीत, फक्त चपला बाहेर काढा आणि कशाला हात लावू नका. रंग न लागलेले पांढरे गणपती फळ्यांवर छतापर्यंत बसलेले. मी म्हटलं, "जानेवारीतच सुरुवात?" साचा उघडणारा माणूस मान वर न करता म्हणाला, "आमच्याकडं बारा महिनं भाद्रपदच हाय, साहेब." हे वाक्य मी लगेच टिपून घेतलं. सवय वाईट. दर्शना म्हणायची, तू जेवताना घास कमी आणि वाक्यं जास्त गोळा करतोस.

पुढे वडखळ. इथे सगळी दुनिया उजवीकडे अलिबागला वळते आणि समुद्रात पाय बुडवून परत येते. तुम्ही वळू नका, सरळ गोव्याच्या रस्त्याने जा. थंडीत या रस्त्यावर जागोजागी पोपटीची मडकी लावलेली दिसतील. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर कोंबडी, हे सगळं भांबुर्ड्याच्या वासाच्या रानपाल्यात घालून मडकं उपडं करतात आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. मी शेंगांची पोपटी घेतली, शे-दीडशे रुपयांत दोघांचं पोट भरेल एवढी. गरम शेंग दातांनी ओढायची, ओवा आणि जाड मीठ जिभेला लागतं. एकट्याने खायची गोष्ट नाही ही. अर्धी मी शेजारच्या टेबलावरच्या ड्रायव्हरला दिली.

मग आलं गडब. गडबच्या पुढे खाडीच्या अंगाला एक रस्ता आत जातो. त्या रस्त्यावर दर्शनाचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, समजून घ्या. वळणाशी आलो, हात इंडिकेटरवर गेलासुद्धा, आणि गाडी सरळ नागोठण्याला. म्हटलं, आधी रोहा बघून घेऊ, वाचकांसाठी. वाचकांचं नाव पुढे करून माणूस काय काय करतो!

नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्याला उतरलात तर रस्ता छान झाडीचा आहे. रोहा म्हणजे कुंडलिका नदी. काठाला बांधलेला घाट आहे, संध्याकाळी सगळं गाव तिथे फिरायला येतं. धावीर महाराजांच्या देवळात जाऊन या, ग्रामदैवत आहे. दसऱ्यानंतर पालखी निघते तेव्हा पोलीस देवाला सलामी देतात, इतका दरारा. पाण्यात उतरायची हौस असेल तर जवळच कोलाडला राफ्टिंग आहे, पण सकाळी धरणाचं पाणी सोडतात तेव्हाच, त्यामुळे आधी चौकशी करा. स्टेशन बघण्यासारखं नसलं तरी मी तिथेही जाऊन बसलो. कोकणची रेल्वे इथून सुरू होते. दर्शना पुण्याला शिकायला आली तेव्हा बाबा तिला मुद्दाम इथे घेऊन आले होते, गोव्याला जाणारी गाडी दाखवायला. लांब जाणाऱ्या माणसाने लांब जाणारी गाडी बघावी, असं त्यांचं काहीतरी तत्त्व.

रात्री बाजारातल्या एका खानावळीत जेवलो. थाळी स्वस्त, तांदळाची भाकरी गरम, वालाचं बिरडं अप्रतिम. वाढणाऱ्याला सहज विचारलं, "जिताडा आहे का?"

"हाय ना. पन खाडीतला हाय. तलावातला पायजे तर नाय भेटनार."

"का?"

"तलावातला इकत कोन देतो? तो घरच्या मानसांचा असतो."

आता हे समजून घ्या, पेणकडे येणाऱ्या प्रत्येक खवय्याने समजून घ्यायला हवं. जिताडा खाडीचा मासा. खारं पाणी, गोडं पाणी, दोन्हीत जगतो. पेण-वडखळच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, जुन्या घरांपुढे लहानसा तलाव असतो. पावसाच्या सुरुवातीला खाडीच्या पाण्याबरोबर जिताड्याची बोटाएवढी पिल्लं आत शिरतात, ती साडीत धरून आणायची आणि तलावात सोडायची. दोन-तीन वर्षांत मासा मांडीएवढा होतो. विकायचा नाही. लेकीचा नवरा आला, की त्याच्यासाठी जाळं टाकायचं. डोकं जावयाच्या ताटात. इतर गावी जावयाला धोंडे देतात, इथे जिताडा.

शेवटच्या पावसाळ्यात दर्शना माहेरी गेली होती. ती आणि बाबा, एकेक टोक धरून, जुन्या साडीत पिल्लं पकडत होते. तिथूनच तिने फोन केला, चिखलात उभी राहून, खिदळत. "अरे, तुझ्या नावाचा मासा सोडलाय. तीन वर्षांनी खायला ये, तोवर डाएट कर!"

पिल्लं बरीच होती. काही पाणसापांनी खाल्ली, काही बगळ्यांनी. मध्ये एकदा उधाणाने बांध फुटला, तलावात खारं पाणी शिरलं, बाबांचे रोहू-कटला सगळे उलटे झाले. एक जिताडा तेवढा राहिला. बाबा रोज संध्याकाळी बारीक कोलंबी मुठीत घेऊन तलावावर जातात आणि त्याला घालतात. मूठ ती ही. एक हॉटेलवाला येऊन मागून गेला तर त्याला गेटातूनच परत पाठवला. तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच एक उरलं होतं.

रविवारी सकाळी घाटावरून आईंना, म्हणजे सासूबाईंना, फोन लावला. "आई, मी रोह्याला आलोय. येतो दुपारी." एवढंच बोललो. पलीकडून ओरडा ऐकू आला, "अवो, जावई येतायत! जालं काढा!"

त्यांना वाटलं, तीन वर्षं झाली म्हणून जावई आपला मासा खायला आला. त्यांच्या हिशेबाने दुसरं कारण असूच शकत नव्हतं.

गाडी शक्य तेवढी जोरात हाणली, म्हटलं, जाळं पडायच्या आत सांगून टाकू. पण पोचलो तेव्हा बाबा कमरेइतक्या पाण्यात होते. शेजारचे दोघे जाळ्याची टोकं धरून काठाने सरकत होते. आई ओट्यावरून धावत आल्या, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि बघत राहिल्या.

"वाळलाव किती! जेवताव की नाय?"

"आई, मला बोलायचंय. आधी ऐका, जाळं राहू दे."

बाबांनी पाण्यातूनच हात केला. "बोलनं कुठं पलून जातंय? आधी ह्याला धरू."

मासा सहजी आला नाही. दोनदा जाळ्याखालून निसटला. तिसऱ्यांदा बाबांनी जाळं सोडलं आणि नुसत्या मुठी पाण्यात धरून ते उभे राहिले, रोजच्यासारखे. आला की हो तो. खायला मिळणार म्हणून आला, आणि बाबांनी त्याला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. रुपेरी, मांडीएवढा मासा, शेपटी फाडफाड मारत होता. बाबांचे डोळे गच्च मिटलेले. शेजारी हसून म्हणाला, "काका, सोडा की टोपलीत!" ते काही सोडेनात. शेवटी आई पाण्यात उतरल्या, लुगडं भिजवत, आणि त्यांच्या हातातून मासा काढून घेतला.

"द्या हिकडं," त्या हळूच म्हणाल्या. "ज्याचा त्याला खाऊ द्या."

मी खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नुसताच आईंच्या मागून घरात गेलो. मागच्या दारी आई राख लावून मासा खवलायला बसल्या, तिथे जाऊन उकिडवा बसलो. बाबा कपडे बदलायला गेले होते. खवलं उडून माझ्या पँटवर पडत होती. मी एका दमात सांगून टाकलं.

आईंचा हात थांबला नाही. पोट फाडलं, साफ केलं, कल्ले काढले. मला वाटलं, ऐकलंच नाही की काय.

"नाव काय तिचं?"

"मीनल."

"पहिलंच हाय?"

"नाही. तिचंही दुसरं. पहिलं टिकलं नाही."

"मंग कडू-गोड कलत असंल तिला." त्यांनी माशाचं डोकं वेगळं करून पातेल्यात ठेवलं. "मासं रांधता येतं का?"

"ती खातच नाही, आई. शाकाहारी आहे."

आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "अगो बाय माजे! दर्शूच्या जागी गवत खानारी आनलीस?" हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. त्या हुंदके देऊन रडल्या, राखेचे हात हवेत धरून. मीही रडलो. तीन वर्षांत आम्ही एकमेकांसमोर असे कधी रडलो नव्हतो. फोनवर फक्त हवापाणी बोलायचो.

जेवायला बसलो. चिंचेचं लालभडक कालवण, तव्यावरच्या तुकड्या, तांदळाच्या भाकऱ्या, वर वालाचं बिरडं. वाचकहो, चव लिहायची तर लिहितो: जिताड्याचं मांस घट्ट आणि गोडसर, काटा जाड, त्यामुळे पोराटोरांनाही खाता येतं. याहून चांगला मासा मी खाल्लेला नाही.

आईंनी भाकरी मोडता मोडता बाबांना सांगितलं, "जावयाचं लगीन हाय. उनाल्यात."

बाबा थांबले. मी पाटावरून उठायच्या बेतात होतो, खोटं नाही सांगत. मग त्यांनी पळी घेतली, पातेल्यातून डोकं काढलं आणि माझ्या ताटात ठेवलं.

"मान तुमचा हाय. पोरीनं तुमच्या नावानं सोडला व्हता. तिचं बोलनं खोटं नको पडायला."

"बाबा, तुम्ही घ्या ना थोडं."

"माजी दाढ दुखते," म्हणाले आणि बिरड्याशी भाकरी खाल्ली. मऊ माशाने दुखणारी आणि भाकरीने न दुखणारी दाढ मी पहिल्यांदाच पाहिली. माझ्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं.

"तिखट झालं का?" आई म्हणाल्या.

"हो."

"मंग पानी प्या."

निघताना त्यांनी वालाची पिशवी गाडीत ठेवली. "तिला दे. मासं नाय तर नाय, वाल तर खाईल? भिजवून मोड आनायचं, मग एकेक सोलायचं. घाई नाय करायची, सांग तिला." ओटीला म्हणून खण, नारळही दिला. मीनलला पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही, आणि तिची ओटी गाडीच्या मागच्या सीटवर. मी वाकून पाया पडलो. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "सावकाश जा रं पोरा."

परतताना मी कुठेच थांबलो नाही, त्यामुळे परतीच्या वाटेवरची चहाची टपरी सुचवता येत नाही, माफ करा.

घरी आलो तेव्हा मीनल आलेली होती. तिला सगळं सांगितलं. तिने खण हातात घेतला, नारळ देवापुढे ठेवला आणि लगेच वाल भिजत घातले. मग म्हणाली, "त्यांना पोचल्याचा फोन कर." दर्शनाच्या फोटोला ती रोज नमस्कार करते वगैरे काही नाही, उगाच कथा करत नाही. पण त्या दिवशी ती फोटोजवळ जाऊन थोडा वेळ उभी राहिली.

पेण-रोह्याला जरूर जा. पापड आणा, पोपटी चार जणांत खा, कुंडलिकेच्या घाटावर संध्याकाळ घालवा. जिताडा खाडीतला मागा, हॉटेलात मिळतो, चांगला असतो. कुणाच्या घरापुढच्या तलावात मोठा मासा दिसला तर तेवढा विकत मागू नका. तो कुणासाठी सोडलाय, त्यांचं त्यांना माहीत असतं.

फोन आईंनीच उचलला.

"पोचलास?"

"पोचलो. मीनलने वाल भिजत घातलेत. बाबा कुठायत?"

पलीकडे अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तलावावर," त्या म्हणाल्या. "मूठ घेऊन गेलेत."

"पण आई, आता तर तलावात..."

"व्हय रं. मी काय बोलली नाय. जाऊ दे."